लिटमस कागदाने आम्ल, आम्लारी आणि क्षार कसे ओळखावेत

लिटमस कागद निळा आणि तांबडा, असा दोन रंगांत मिळतो. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून दोन्ही घ्या. एकावरच भागवलं तर घोळ होतो, कारण निळा कागद निळाच राहिला तर द्रावण आम्लारी आहे की उदासीन, हे कळत नाही. (हा रंग लायकेनपासून काढतात. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण त्याची जात वेगळी. मसाल्याचा डबा उघडू नका.)

१. पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालतात ते चालेल. बोअरचं पाणी बऱ्याचदा स्वतःच किंचित आम्लारी असतं.

२. कोरडी पूड कागदावर चोळून काही होत नाही. चिमूटभर पदार्थ चमचाभर पाण्यात विरघळवा.

३. कागद भांड्यात बुडवू नका. काचेच्या कांडीने किंवा धुतलेल्या चमच्याच्या दांड्याने एकेक थेंब दोन्ही कागदांवर ठेवा. दर वेळी दांडा धुवा. बोटंही कोरडी हवीत, घामानेसुद्धा कागदावर डाग पडतो.

लिंबू, चिंच, ताक, द्राक्षाचा रस यांनी निळा कागद तांबडा होतो. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, साबणाचं पाणी यांनी तांबडा निळा होतो. मात्र आंबट हिरवं द्राक्ष आणि पिकलेलं गोड द्राक्ष यांत लिटमस फरक करत नाही, दोन्हींचा रंग तांबडाच. किती आम्ल आहे ते हवं असेल तर पीएच पट्टी घ्या.

खरी गंमत क्षारांची. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार होतो म्हणून तो उदासीनच असणार, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. मिठाच्या बाबतीत ते खरं आहे, दोन्ही कागद जसेच्या तसे राहतात. आता तुरटी विरघळवून पाहा, निळा कागद तांबडा होईल. खायच्या सोड्याने तांबडा कागद हळूहळू, फिकट निळा होतो. तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांचा क्षार आम्लाकडे झुकतो, उलट जोडी असली तर आम्लारीकडे. दोन्ही तीव्र असतील तर तो सहसा मिठासारखा गप्प बसतो.

नाशिककडच्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत हे ज्ञान थेट कामाला येतं. डाऊनी या वेलीच्या रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करून फवारतात, त्यातला मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) हाही आम्लाकडे झुकणारा. एक टक्क्यासाठी साधारण १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण सांगतात, पण चुना जुना, हवा लागलेला असेल तर तेवढा पुरत नाही. आम्ल शिल्लक राहिलं की विरघळलेलं तांबं कोवळी पानं जाळतं. म्हणून फवारणीआधी तपासणी हवीच.

मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी भांडं नको. चुना विरताना तापतो आणि उडतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा लावा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळा. मग थोडं मिश्रण ग्लासात काढून निवळू द्या आणि वरच्या स्वच्छ पाण्याचा थेंब तांबड्या कागदावर ठेवा. ढवळलेलंच मिश्रण लावलं तर त्यातला निळा गाळ कागदावर बसतो आणि लिटमस निळा झाल्यासारखं वाटतं. शंका आली तर कागद उलटून मागची बाजू पाहा.

निळा झाला तर चुना पुरेसा आहे. तांबडाच राहिला तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा पाहा. जोडीला जुनी जाणती मंडळी चकचकीत विळा मिश्रणात धरतात, पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी. तयार मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवा.