यू-बोल्ट आवळताना : उसगावच्या गॅरेजातली माझी पहिली वर्षं

गोव्यात फर्मागुडीच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन मी बाहेर पडलो ते २०१० साल. खाणी जोरात होत्या. उसगाव-तिस्कावरून टिपर दिवसभर तांबडी धूळ उडवत जायचे, आणि ज्याला पाना धरता येतो त्याला काम होतं. पहिले पाच-सहा महिने मी नुसते पार्ट धुतले आणि ग्रीस भरलं. त्यानंतर एकदा मेस्त्रींनी पुढची कमान बदलायला दिली. मी खूश. कमान म्हणजे ताकदीचं काम, आणि ताकद माझ्यात होती असा माझा समज.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. ट्रकच्या पुढच्या एक्सलवर दोन बाजूंना दोन कमानी बसतात. कमान म्हणजे पोलादी पट्ट्यांची चळत. पुढचा डोळा, म्हणजे पट्टीचं गोल वळवलेलं टोक, ब्रॅकेटमध्ये पिनने अडकवलेला, मागचा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला, म्हणजे कमान दबली की लांब व्हायला जागा मिळते. पट्ट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो आणि कमानीला एक्सलशी बांधणारे इंग्रजी यू आकाराचे दोन यू-बोल्ट. एका बाजूला चार नट. नवख्या पोरांना वाटतं, सेंटर बोल्ट एक्सल धरून ठेवतो. तसं नाही. त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं ते फक्त कमान बरोबर जागी यावी म्हणून. धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. तो दाब गेला की सगळा मार त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो, आणि तो त्यासाठी बनवलेलाच नसतो.

माझ्या त्या पहिल्या कमानीला आम्ही यू-बोल्ट जुनेच लावले. गॅरेजवाल्याला नव्यांचे पैसे वाचवायचे होते. आटे गंजलेले, मी फडक्याने पुसले आणि नट चढवले. मग पान्यात मीटरभर पाईप घातला आणि शेवटी त्यावर चक्क लोंबकळलो. करकर आवाज आला. मला वाटलं, झालं, आता हा जन्मात सुटत नाही.

पंधरा दिवसांत गाडी परत. डायवर म्हणाला, "मेस्त्री, स्टेअरिंग डावीकडे ओढतं." मेस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातात टेप दिली आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्यायला सांगितलं. डावीकडे १४ मिलिमीटर कमी. एक्सल मागे सरकला होता. खोललं तर सेंटर बोल्टचे दोन तुकडे, आणि कमानीचा तळ जिथे एक्सलवर टेकतो तिथे घासून लखलखीत झालेला. चारपैकी दोन नट साध्या आखूड पान्याने फिरले.

"पाईप लावला होतास ना?"

"लावला होता. लोंबकळलो पण."

"वजन किती तुझं?"

"बासष्ट."

"मग हिशेब कर."

मीटरभर पाईपच्या टोकाला ६२ किलो, म्हणजे ६२ किलोग्रॅम-मीटर. गुणिले ९.८१, साधारण ६०० न्यूटन-मीटर. त्या गाडीच्या पुस्तकात ४०० च्या आसपासचा आकडा होता. म्हणजे मी दीडपट जोर लावला होता आणि तरी नट सैल! मला काही उलगडेना.

मेस्त्रींनी मग व्हाइसवर दोन बोल्ट लावून दाखवले. एक गंजका, एक वायर ब्रशने साफ केलेला. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क (पिळाचा जोर) आला की 'टक' करणारा पाना, दोन्हींना एकाच आकड्यावर. गंजक्या नटाने लगेच 'टक' केलं. साफ केलेला नट त्याच जागेच्या पुढे जवळपास अर्धा फेरा फिरला आणि मग टक. आकडा तोच, पण एक बोल्ट ताणला गेला होता आणि दुसरा नुसता अडला होता.

बोल्ट आवळायचा म्हणजे तो किंचित ताणायचा, स्प्रिंगसारखा. तो परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. आता आपण पान्यावर शंभर भाग जोर लावला तर साधारण पन्नास भाग नटाच्या तळाच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा. गंजाने घर्षण थोडंसं वाढलं की त्या दहाचे पाच व्हायला वेळ लागत नाही. हाताला मात्र शंभरच लागतात. हाताला जे घट्ट लागतं ते बहुतेक घर्षण असतं. म्हणून 'माझ्या हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्या जुन्या माणसाचा मान जरूर ठेवा, पण यू-बोल्ट त्याच्या अंदाजावर सोडू नका.

याची उलटी बाजूही आहे. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही कौतुकाने तेल लावलंत, तर त्याच टॉर्कला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. एकदा ताणाची मर्यादा ओलांडली की तो परत आखडत नाही, च्युइंगमसारखा लांबच राहतो. म्हणून आकड्याच्या शेजारची बारीक ओळ आधी वाचायची: कोरडे की तेल लावून. एककही बघा. आमच्याकडच्या एका पोराने पाउंड-फूटमधला ३०० न्यूटन-मीटर समजून रेंच लावला. खरे हवे होते ४०७.

आता मी कसं करतो ते. यू-बोल्ट आणि नट नवे, यावर घासाघीस नाही. गॅसवर तापवून सोडवलेले असतील तर ते सरळ भंगारात. एक्सलची बैठक आणि खालची प्लेट घासून साफ. तिथे रंगाचा जाड थर असेल तर तोही काढायचा, कारण गाडी चालताना रंग दबतो आणि तेवढा ताण जातो. चारही नट हाताने चढवून दोन्ही पायांचे आटे सारखे बाहेर आलेत का बघायचं. मग कोपऱ्याला कोपरा: पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा. पहिल्या फेरीत आकड्याचा तिसरा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से. शेवटची फेरी जॅक काढून, चाकं जमिनीवर टेकवून, म्हणजे वजनाखाली पट्टे एकमेकांवर नीट बसलेले असतात.

कमानीच्या डोळ्यात रबरी बुश (पिनभोवतीची नळी) असेल तर त्याचा बोल्टही गाडी जमिनीवर आल्यावरच शेवटचा आवळायचा. हवेत लोंबकळत्या कमानीवर आवळला तर रबर त्याच स्थितीत चिमटलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. थोड्याच दिवसांत फाटतं, आणि मग दोष बुशच्या कंपनीला.

टाय रॉडच्या, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणाऱ्या स्टेअरिंगच्या दांड्याच्या, कंगोरेदार नटाबाबत मी कुणाचं ऐकत नाही. टॉर्क लावल्यावर नटाची खाच आणि स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच न्यायचा, मागे कधीच नाही. स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून वापरणाऱ्याला मी स्टेअरिंगच्या कामाला हात लावू देत नाही.

हवेची गन पोरांना फार आवडते. नट पळवायला वापरा, शेवटचा ताण तिच्यावर नको. टॉर्क रेंच सावकाश, एकाच ओढीत. टक झालं की थांबायचं. खात्रीसाठी परत टकटक करणारे आकड्याच्या पुढे जातात. टॉर्क रेंचने नट सोडवायचे नाहीत. काम झालं की सर्वांत खालच्या आकड्यावर आणून पेटीत, आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार ओढींनंतर तपासणीला. नवीन नोकरी बघायला गेलात तर गॅरेजात टॉर्क रेंच कुठे आहे ते आधी बघा. मालकाच्या कपाटात कुलूपबंद असेल तर तिथे काय शिकायला मिळणार ते समजून जा.

आणखी एक, आपल्याकडचं. पावसात तांबडी माती लोण्यासारखी होते. जॅकखाली जाड फळी आणि गाडीखाली घोडे (लोखंडी टेकू) नसतील तर आत शिरू नका, मालक घाई करत असला तरी.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि टिपर घरांच्या अंगणात, माडांखाली गंजत पडले. नंतर थोडं सुरू झालं, २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबलं. अधूनमधून कुणी गाडी विकायला म्हणून काढायचा आणि आमच्याकडे आणायचा. वरून रंग मारलेला, खाली यू-बोल्टला नट चिकटून एकजीव. त्या वर्षांत पैसा कमी मिळाला, पण गंजलेला बोल्ट हाताला किती खोटं सांगतो ते पुरतं कळलं.

काम झालं की मी प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो, आणि क्लीनरच्या बाजूच्या दारावर आतून खडूने किलोमीटर लिहितो: आत्ताचे, आणि त्यात ५०० मिळवून. तेवढे झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कवर बघायचे असतात, कारण नवी कमान बसते. डायवर बहुधा येत नाहीत. गेल्या चवथीच्या आधी मात्र एक आला, खडूचा आकडा बघून, बरोबर वेळेवर. रेंच लावला तर दोन नट टक होण्याआधी थोडे फिरले, दोन जागचे हलले नाहीत. फिरलेल्यांची रेघ पुसून नवी ओढली. चहा सांगितला होता, पण त्याला घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, बांधायची होती. तो तसाच निघाला.