कॅलिफोर्नियात निकालाचा बोजा प्रत्येक काउंटीत वेगळा चढवावा लागतो

फ्रीमाँटला वकिलाच्या ऑफिसात कागदपत्रं तयार करण्याचं काम मी करते. आपली मंडळी बऱ्याचदा एकच तक्रार घेऊन येतात: घरमालकाने डिपॉझिट बुडवलं, स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात) केस जिंकली, निकाल हातात आहे, पैसे मात्र आले नाहीत. कोर्ट निकाल देतं, वसुली आपली आपण करायची. समोरच्याच्या नावावर घरं असतील तर त्यांवर बोजा (लीन), म्हणजे तुमच्या येण्याचा हक्क, चढवा.

अपिलाची मुदत संपली की ईजे-००१ हा ‘ॲब्स्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट’चा, म्हणजे निकालाच्या गोषवाऱ्याचा, फॉर्म भरायचा, कोर्टाच्या क्लार्ककडून सही-शिक्का घ्यायचा आणि काउंटी रेकॉर्डरकडे (काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात) नोंदवायचा. इथेच लोक थांबतात, आणि ते चुकीचं आहे. राज्यात ५८ काउंट्या (जिल्हे) आहेत आणि बोजा नोंदवलेल्या काउंटीपुरताच लागतो. ओकलंडला, म्हणजे अलामीडा काउंटीत, नोंदवलात तर फ्रीमाँट-डब्लिनची घरं त्यात आली. सॅन रॅमोनच्या घरासाठी मार्टिनेझला (काँट्रा कोस्टा काउंटी) नोंदवा, ट्रेसीच्या घरासाठी स्टॉकटनला (सॅन वाकीन काउंटी). आज तिथे घर नसलं तरी चालतं; समोरच्याने पुढे त्या काउंटीत घेतलेल्या घरालाही बोजा लागतो. घर दुसऱ्या राज्यात असेल, तर आधी तिथल्या कोर्टात निकाल दाखल करावा लागेल.

नावाकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. रेकॉर्डरची सूची नावावर चालते. निकालात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि खरेदीखतावर नुसतं नाव-आडनाव, किंवा लग्नाआधीचं आडनाव, असं आपल्याकडे सर्रास असतं. मग घर विकताना टायटल कंपनीने (मालकी हक्क तपासणाऱ्या कंपनीने) शोध घेतला तरी तुमचा बोजा सापडेलच असं नाही. म्हणून खरेदीखताची प्रत आधी काढा. नाव वेगळं दिसलं तर कोर्टात ‘ॲफिडेव्हिट ऑफ आयडेंटिटी’, म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र, द्या. मंजूर झालं की ते दुसरं नावही ॲब्स्ट्रॅक्टवर येतं. आपल्या मनाने नाव वाढवू नका.

निकाल १० वर्षं चालतो. नूतनीकरण मुदतीच्या आत करा आणि त्याची प्रमाणित प्रत पुन्हा प्रत्येक काउंटीत नोंदवा, नाहीतर बोजा गळून पडतो.

रेकॉर्डरच्या शिक्क्यावरचा दस्त क्रमांक आणि तारीख काउंटीवार लिहून ठेवा. पैसे मिळाल्यावर ईजे-१०० हा पैसे मिळाल्याच्या कबुलीचा फॉर्म भरून, नोटरीसमोर सही करून कोर्टात द्यावा लागतो, आणि त्यात बोजा चढवलेल्या प्रत्येक काउंटीचा हा तपशील मागतात.