फिजिओथेरपीला जायचंय? आधी चार दिवस नुसतं बसून बघा

नीटचा निकाल लागला की बारावीची मुलं विचारायला येतात, ताई एमबीबीएसला नंबर लागणार नाही तर फिजिओथेरपी घेऊ का. मी त्यांना आधी एवढंच विचारते, कुणाला हळूहळू बरं होताना रोज बघितलंयस का?

मी बघितलं होतं. आठवीत असताना आजोबांना पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली, आणि आम्ही सगळे त्यांना उठवायचो कसं तर तोच लुळा हात धरून ओढायचो. मग घरी एक फिजिओ ताई यायला लागल्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या हात ओढू नका, खांद्याचे स्नायू सैल पडलेत, सांधा जागेवरून सरकेल, कमरेला आधार द्या आणि त्यांना पुढे वाकून उठू द्या. इतकं प्रेम करूनही आपण चुकीचं करत होतो हे मला फार लागलं. ते नीट शिकायचं म्हणूनच मी या लाईनला आले.

तर पहिलं काम, ओळखीच्या फिजिओला किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या फिजिओ विभागात विचारा, चार दिवस कोपऱ्यात बसू का. पेशंटची परवानगी घ्यायची, फोन बाहेर काढायचा नाही. शक्यतो रोज एकाच पेशंटकडे लक्ष ठेवा. समजा गुडघा बदललेल्या आजी आहेत, वाकवताना कळवळतात, आणि फिजिओ गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून मोजते, काल ७० अंश होता आज ७५. त्या ५ अंशांनी तुम्हाला आनंद झाला का? झाला तर पुढे विचार करा, कारण या कामात यश असंच थोडंथोडं येतं, स्नायूची ताकदसुद्धा आपण ० ते ५ अशी मोजतो आणि २ वरून ३ वर यायला कधीकधी महिने जातात.

घरी आलात की वहीत लिहा काय दिसलं. "मला सेवा करायची आहे" असं नको, कुणाला काय येत नव्हतं आणि आज काय आलं ते लिहा. घरच्यांना पटवताना हीच वही कामाला येते.

लोक म्हणतील मालिश करायची, करंट लावायचा, त्यासाठी एवढं शिकायचं? त्यांना सांगा की मुंबईत १९५० च्या दशकात पोलिओच्या साथीनंतर हे शिक्षण सुरू झालं, आणि आज फिजिओ आयसीयूत छातीतला कफ मोकळा करायला असते, सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचाल नीट न होणाऱ्या, मुलांबरोबर असते, बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी असते, खेळाडूंबरोबर तर असतेच.

प्रवेशाचं थोडक्यात, बारावीला बायोलॉजी हवं, महाराष्ट्रात नीटच्या मार्कांवर सीईटी सेलच्या (राज्याचं प्रवेशाचं काम बघणारं कार्यालय) राऊंडमधून बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, नंबर लागतो. मी शिकले तेव्हा ४ वर्षं आणि वर ६ महिने इंटर्नशिप होती, तुमच्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा. सरकारी कॉलेजांचे पर्याय वर भरा, फी कमी असते आणि पेशंट भरपूर बघायला मिळतात. अॅनाटॉमी घोकून पास होऊ नका, पुढे प्रत्येक पेशंटला तीच लागते.

इंटर्नशिपमध्ये मला एक गोष्ट उशिरा कळली. एका मावशींना मी व्यायामाचा कागद दिला होता, दिवसातून ३ वेळा, प्रत्येकी १०, त्यांनी एकदाही केला नाही आणि मी त्यांना बोलले. नंतर कळलं त्या पहाटे पाचपासून स्वैपाकाची कामं करतात, वाचता येत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आणि जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तेवढं त्यांनी रोज केलं. तेव्हापासून व्यायाम सांगायच्या आधी मी पेशंटचा दिवस विचारते, किती वाजता उठता, पाणी कुठून आणता, संडास भारतीय पद्धतीचा आहे का. हे प्रश्न तुम्ही त्या चार दिवसांतसुद्धा ऐका, चांगली फिजिओ ते विचारतेच.

पैशाचंही घरी मोकळेपणाने बोला. सुरुवातीला पगार कमी असतो, बरेच जण सकाळी हॉस्पिटल आणि संध्याकाळी घरोघरी व्हिजिट करतात, आणि दिवसभर माणसं उचलून स्वतःची कंबर दुखते. म्हणून पेशंटला बेडवरून खुर्चीत घेताना गुडघ्यातून वाकायचं, त्याला अंगाजवळ धरायचं आणि कमरेला पीळ द्यायचा नाही, ही सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्या.