मुलाखती झाल्या म्हणून निष्कर्ष तयार होत नाहीत: या चुका टाळा

मार्च उजाडला की माझ्या टेबलावर प्रकल्प अहवालांची चळत लागते. समाजकार्याची पोरं-पोरी, दोन-चार पीएच.डी.वाले, अधूनमधून एखाद्या संस्थेचा पाहणी अहवाल. मुलाखती बहुतेकांच्या बऱ्या असतात. साक्री-शिरपूरच्या एसटीत उभ्यानं प्रवास केलेला असतो, संमतीपत्रांवर सह्या-अंगठे असतात, तासन्‌तास रेकॉर्डिंग असतं. मग येतं शेवटचं प्रकरण, 'निष्कर्ष व शिफारशी', आणि दोन महिन्यांची पायपीट तिथे मातीत जाते. ते प्रकरण सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलंय हे पहिल्या पानावरच कळतं. दरवर्षी तेच तेच शेरे मारून हात दुखला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. पुढच्या बॅचला हेच पाठवणार.

जे भेटले तेवढंच गाव, असं समजणं

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून आधी तीच.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी तीन गावांत प्राथमिक शाळेबद्दल पालकांचं म्हणणं समजून घ्यायचं होतं. काम एका संस्थेचं, अहवालाची मुदत फेब्रुवारीची, त्यामुळे आम्ही डिसेंबरात गेलो. हवा छान, रस्ते कोरडे. पाच दिवसांत बावीस मुलाखती उरकल्या. पालक म्हणाले, शाळा बरी आहे, गुरुजी येतात, पोरं जातात, खिचडी मिळते. मी लिहून मोकळी झाले: 'पालक शाळेबाबत समाधानी आहेत, गळती ही या गावांतली मुख्य अडचण नाही.' बावीसपैकी एकानंही वेगळा सूर काढला नव्हता आणि मला त्याचाच आनंद झाला होता. खरं तर शंका तिथेच यायला हवी होती.

होळीला दुसऱ्याच कामासाठी त्यांतल्या एका गावात गेले, तर गाव ओळखू येईना. माणसंच माणसं. दिवाळी झाली की अर्धा पाडा मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत, बार्डोलीकडे ऊसतोडीला जातो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि तान्ह्याला सांभाळायला थोरली पोरगी सोबत. ती पोरगी हजेरीपटावर होती, शाळेत नव्हती. होळीला मात्र माणूस गावी येतोच. म्हणजे डिसेंबरात मी ज्या घरांवरून पुढे सरकले होते, नेमकी तीच घरं मला विचारायची होती.

वाईट वाटलं ते पुढे. घरी येऊन वही काढली, तर त्यात सगळं होतं. घरांच्या यादीत एकोणीस ठिकाणी माझ्याच अक्षरात 'बंद' लिहिलेलं. मी त्याला डेटा मानलंच नाही, नुसती अडचण मानली. पोरांची गळती शोधायला गेले आणि गळालेली घरंच सोडून आले. त्या पाड्यावरच्या एका म्हातारीला विचारलं होतं, आजी, तेव्हा का नाही सांगितलंत? ती म्हणाली, तू आमच्या घरचं विचारलंस, त्यांच्या घरचं कुठे विचारलंस?

अहवाल तोवर छापून झाला होता. संस्थेला पत्र टाकलं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. 'बघू'चं पुढे सांगतेच.

तेव्हापासूनची सवय अशी की गावाच्या नोंदीचं पहिलं पान 'कोण भेटलं नाही' यासाठी राखून ठेवते आणि निष्कर्ष लिहायला बसण्याआधी तेच पान उघडते. महिनाही लिहिते. ऊसतोडीच्या मोसमातला पाडा वेगळा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी असलेली बाई कोण आणि वावरात गेलेली कोण, तेही वेगळं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात गावात लेकी माहेरी आलेल्या असतात आणि गावच्या सुना आपापल्या माहेरी गेलेल्या असतात. त्या आठवड्यात 'घरातल्या बायकांचं मत' घेऊन या आणि मग भादव्यात त्याच घरी पुन्हा विचारून बघा. दोन्ही मुलाखती खऱ्याच असतील, बायका निराळ्या असतील. ट्रान्सक्रिप्टच्या (मुलाखतीच्या उतरवलेल्या मजकुराच्या) माथ्यावर तारखेऐवजी 'मुलाखत क्र. ७' एवढंच लिहिणाऱ्याला हे कळणार कसं?

'देखसूत'चा अर्थ

शिंदखेडा तालुक्यातल्या बचत गटांवर एका मुलीचा प्रबंध होता. मुलगी हुशार, पण अहिराणी अजिबात येत नव्हती. मुलाखतींना गावातला एक बारावीचा पोरगा सोबत घ्यायची. बायका अहिराणीत बोलायच्या, पोरगा मराठीत सांगायचा, ती रात्री ते इंग्रजीत टाइप करायची. प्रश्न होता, कर्ज मिळालं तर मसाल्याचा किंवा शिलाईचा धंदा कराल का? निष्कर्ष निघाला की बहुसंख्य बायका उद्योगाबाबत सकारात्मक असून त्यांना केवळ भांडवलाची गरज आहे.

मी रेकॉर्डिंग मागितलं. (मी नेहमी मागते आणि विद्यार्थ्यांना ते नेहमी आवडत नाही.) पहिली बाई म्हणते, "देखसूत ना माय." मग गप्प. मग भांड्याचा आवाज, मग ती चहाचं विचारते. दुसरी म्हणते, देखसूत. तिसरीही तेच. पोरानं 'बघू' सांगितलं, ते बरोबरच. इंग्रजीत त्याचं 'आम्ही यावर विचार करू' झालं, शब्दशः पाहिलं तर तेही चूक नाही. कोडिंगच्या (प्रत्येक उत्तराला अर्थाचं लेबल लावण्याच्या) तक्त्यात 'विचार करण्याची तयारी', आणि निष्कर्षात 'सकारात्मक'. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर नकार थोडा थोडा होकाराकडे सरकला.

मला सांगा, तुमच्या घरी पत्रिका घेऊन आलेल्याला "बघू, जमवू" म्हणताना तुम्ही खरंच लग्नाला जाणार असता का? दारात आलेल्या पाहुणीला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. त्या बायकांनी शिष्टाचार पाळला आणि आपण त्याचं उद्योजकतेत भाषांतर केलं. तो विषय तिथेच संपवायचा होता, हे त्या चहाच्या विचारण्यातून कळत होतं. पण चहा ट्रान्सक्रिप्टमध्ये आलाच नव्हता; 'अनावश्यक संभाषण' म्हणून गाळलेला.

म्हणून माझ्या हाताखालच्या पोरांना कोडिंग मूळ बोलीतच करावं लागतं. साक्रीकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, धडगावात पावरी. ज्याला बोली येत नाही त्यानं बोली येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं. भाषांतर होईल ते शेवटी, फक्त अहवालात घ्यायच्या उताऱ्यांचं. थांबलेलं, हसलेलं, विषय बदललेला, सासू येऊन बसलेली, हे सगळं कंसात लिहायचं. वेळ तिप्पट जातो. ज्याला तिप्पट वेळ नाही त्यानं प्रश्नावली वाटावी, तो मार्गही वाईट नाही.

बारा मुलाखतींचा ताईत

"मॅडम, बारा झाल्या, सॅच्युरेशन आलं." म्हणजे, आता नव्या मुलाखतीतून नवं काही निघणार नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

हा बाराचा आकडा आला कुठून? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून. घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या साठ मुलाखती घेतलेल्या होत्या. संशोधकांनी त्या सहा-सहाच्या गठ्ठ्यांनी तपासल्या आणि प्रत्येक गठ्ठ्यात नवीन किती निघतं ते पाहिलं. पहिल्या बारांत बहुतेक कोड येऊन गेले होते, ठळक थीमचे (अनेक मुलाखतींतून निघणाऱ्या सूत्रांचे) मूळ घटक तर सहांतच दिसले होते. पण सगळ्या बायका साधारण सारख्या परिस्थितीतल्या, प्रश्न एका अरुंद विषयाभोवतीचे आणि सगळ्यांना जवळपास तेच विचारलेले. हे त्या संशोधकांनी स्वतःच बजावून सांगितलंय. शिवाय साठ घेतल्यावरच त्यांना कळलं की बारा पुरल्या असत्या. आपली मंडळी बारा घेऊनच थांबतात आणि तेराव्यानं काय सांगितलं असतं याची खात्री देतात.

सॅच्युरेशनची मूळ कल्पना तर १९६७ची, आणि तिच्यात डोकी मोजायचीच नव्हती. एखाद्या कल्पनेबद्दल नव्या मुलाखतीतून नवं काही हाती लागेनासं झालं की ती कल्पना भरली, एवढंच म्हणणं. त्यासाठी मुलाखती घेता घेता वाचाव्या लागतात. सगळ्या संपल्यावर एकदम वाचणाऱ्याला सॅच्युरेशन कुठल्या दिवशी आलं, कसं कळलं? स्वप्नात?

माझी पद्धत गावठी आहे. दर तीन मुलाखतींनी त्यातलं नवीन काय ते वहीत एका ओळीत लिहायचं. ओळ लिहायला काही सुचेना झालं की लगेच थांबायचं नाही. आतापर्यंत जे म्हणणं पुढे येतंय ते ज्याला पटणार नाही, असा माणूस मुद्दाम शोधायचा. ठिबकची सगळे स्तुती करताहेत? ज्यानं ठिबक काढून टाकलं त्याच्या वावरावर जा. तो गावात एकच असेल आणि त्याच्याविषयी तुम्हाला कुणी आपण होऊन सांगणार नाही. त्याच्याशी बोलूनही निष्कर्ष टिकला तर लिहा. आणि मोडला, तर आत्ताच मोडला हे बरं झालं.

बाकीच्या, थोडक्यात

पंधरापैकी नऊ जणांचं '६० टक्के' करू नका. नऊ जण म्हणा. दशांश चिन्ह दिसलं तर मी पान परत करते.

वर्ड क्लाउड, म्हणजे जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणारं चित्र, लावू नका. केळी उत्पादकांच्या मुलाखतींत सगळ्यात मोठा शब्द 'केळी' निघाला, हे एकानं रंगीत प्रिंट काढून आणलं होतं.

थीमची नावं तुमच्या प्रश्नांचीच नावं असतील, 'अडचणी', 'उपाय', 'अपेक्षा', तर विश्लेषण अजून सुरूच झालेलं नाही, नुसती कप्प्यांत वाटणी झाली आहे. हल्ली ट्रान्सक्रिप्ट एआयला घालून "पाच थीम दे" म्हणतात. तो पाचच देतो. सात मागितल्या असत्या तर सात दिल्या असत्या.

'यामुळे' हा शब्द जपून. लोक अमुक कारण सांगतात हा निष्कर्ष होतो. अमुक कारण आहे, हा नाही.

बोलका तात्या. प्रत्येक गावात एक असतो, पारावर, पांढरी टोपी, मोबाइल वरच्या खिशात. वाक्यं अशी टाकतो की थेट प्रकरणाचं शीर्षक व्हावं. एका अहवालातले चौदा उतारे मी क्रमांकावरून तपासले तर अकरा एकाच माणसाचे. बाकी सतरा जण तात्याच्या मागे उभे. उतारे निवडून झाले की कुणाचे किती, हे मोजून बघा. गुणात्मक कामात मोजायचं नसतं असं कुणी सांगितलं असेल तर त्यानं अर्धंच सांगितलं.

आणि शीर्षकं! यावल तालुक्यातली तीन गावं, सगळी बागायती, आणि निष्कर्षात 'खान्देशातील शेतकरी'. अहो, इंग्रजांनाही खान्देश एका जिल्ह्यात आवरला नाही. १९०६ साली त्यांनी पूर्व आणि पश्चिम असे दोन केले. पुढे १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. तापीकाठची केळीची बाग, साक्रीची कोरडवाहू बाजरी आणि अक्राणीच्या डोंगरउतारावरचं वावर, हे सगळं तुमच्या तीन गावांत बसवायचा हट्ट कशाला? 'यावल तालुक्यातील तीन गावांतील अठरा केळी उत्पादक' लिहिल्यानं पदवी अडत नाही.

रेकॉर्डर बंद झाल्यावरचं वाक्य

ही खरी चूक की पेच, मला अजून ठरवता आलेलं नाही. रावेरकडच्या एका शेतकऱ्याची तासभर मुलाखत झाली. केळीवरचा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, रोपांचा खर्च, व्यापाऱ्याचा भाव, सगळं तपशिलात. जमिनीबद्दल विचारलं तर म्हणाले, काही काळजी नाही. रेकॉर्डर बंद केला, वही मिटली, फाटकापर्यंत सोडायला आले आणि तिथे म्हणाले की हे वावर आता कागदावर माझं नाही, ताई.

माझी विद्यार्थिनी तो निष्कर्ष रेकॉर्डिंगवरूनच लिहायला निघाली होती, 'जमिनीच्या मालकीबाबत सुरक्षिततेची भावना' वगैरे. म्हटलं, फाटकावरचं वाक्य तुला वापरायचं असेल तर आधी त्यांना विचार. नाही म्हणाले तर ते वापरायचं नाही. पण त्या वाक्याच्या उलटही काही लिहायचं नाही, कारण आता तुला माहीत आहे. तिनं फोन केला. ते नाही म्हणाले.

मग तिनं तो मुद्दाच अहवालातून काढला. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) परीक्षकांनी विचारलंच, उद्दिष्टं चार आणि निष्कर्ष तीनच कसे. तिला सांगता येईना. थोडे मार्क गेले.