स्टुका जोडायला बसण्याआधी

सगळ्यात आधी तारीख ठरवा. प्लास्टिक मॉडेलचं किट नंतर, रंग त्याहून नंतर. युंकर्स 87, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं, सूर मारून बॉम्ब टाकणारं जे जर्मन विमान सगळं जग स्टुका म्हणून ओळखतं, ते एकच एक विमान नाही. 1935 साली पहिलं उड्डाण झाल्यापासून 1945 पर्यंत त्याचं नाक, पाय, पंख, बंदुका सगळं बदलत गेलं. खोक्यावरच्या चित्राला भुलून किट उचललं आणि मनाला येतील तशी डिकल्स, म्हणजे चिकटवायची चिन्हं, लावली, तर कुठल्याच धावपट्टीवर कधीही उभं न राहिलेलं विमान तयार होतं. म्हणून कागदावर एक ओळ लिहून घ्या: दिवस कुठला, जागा कुठली, तुकडी कुठली. पुढची बरीचशी यादी त्या ओळीतूनच निघते.

तारखांना तोटा नाही. मे 1938 घेतलात, तर यादवी युद्धात स्टुकांनी बॉम्ब टाकलेली स्पेनच्या कास्तेयोन प्रांतातली बेनासाल, अल्बोकासेर अशी चार गावं आणि तिथली 38 मृत माणसं. तेव्हाचं विमान ‘ए’ जातीचं, चाकांवर रुंद पाटलोणीसारखं आवरण असलेलं. 1 सप्टेंबर 1939 ची पहाट घेतलीत, तर पोलंडमधला त्चेफचा पूल. पोलिश सैनिकांनी पूल उडवू नये म्हणून जर्मन वैमानिक ब्रुनो डिलीच्या तीन विमानांनी तिथे सुरुंगाच्या तारा तोडायला बॉम्ब टाकले; त्यांनी तारा पुन्हा जोडल्या आणि पूल उडवलाच. 18 ऑगस्ट 1940 घेतलीत, तर इंग्लंडचा दक्षिण किनारा. त्या एका दुपारी 77 क्रमांकाच्या स्टुका तुकडीची 16 विमानं गेली. ताशी जेमतेम 380 किलोमीटर वेगाचं हे विमान स्पिटफायर-हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या तावडीत सापडलं, की त्याची धडगत नसे.

मला विचाराल, तर मराठी माणसाने 20 जून 1942 घ्यावी. जागा ब्रिटिशांच्या ताब्यातलं तोब्रुक, लिबिया. तटबंदीच्या आग्नेय बाजूला 11 वी भारतीय ब्रिगेड होती आणि त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, 2/5 मराठा. जर्मन सेनापती रोमेलने घाव घालायला नेमकी हीच बाजू निवडली. उजाडताच स्टुका आणि इतर बॉम्बफेकी विमानं मराठ्यांच्या मोर्चांवर, तारांच्या कुंपणावर, सुरुंगांच्या पट्ट्यावर तुटून पडली. धावपट्ट्या जवळच, त्यामुळे बॉम्ब टाकून परत जायचं, भरून घ्यायचं आणि पुन्हा यायचं. पाठोपाठ जर्मन इंजिनिअर सरसावले, रणगाडाविरोधी खंदकावर वाट तयार झाली आणि रणगाडे आत शिरले. दुसऱ्या दिवशी तोब्रुकचा सेनापती जनरल क्लॉपरने शरणागती पत्करली. सुमारे 33,000 सैनिक कैद झाले. आपल्याकडे स्टुकाची मॉडेलं करणाऱ्यांच्या कपाटात पोलंड असतं, फ्रान्स असतं, पण ज्यांच्या डोक्यावर ही विमानं कोसळली त्या सातारा-कोल्हापूरकडच्या माणसांची तारीख सहसा नसते. मला हे खटकतं.

तारीख ठरली की फोटो शोधा. वाळवंटात प्रामुख्याने 3 क्रमांकाची स्टुका तुकडी लढत होती. तिच्या विमानांच्या बाजूवर ‘एस 7’ असा संकेत असे. अंगावर लांबलचक साप रंगवलेला जो प्रसिद्ध स्टुका प्रत्येक दुसऱ्या किटमध्ये मिळतो, तो 2 क्रमांकाच्या तुकडीचा आणि 1941 चा. दिसायला झकास, पण आपल्या तारखेला चालणार नाही.

आता जात ओळखा. नाकाखाली रुंद जबड्यासारखा रेडिएटर आणि मागे एकच बंदूक असेल तर ‘बी’, किंवा तिचीच लांब पल्ल्याची बहीण ‘आर’. ‘आर’ला पंखांखाली तीनतीनशे लिटरच्या दोन टाक्या लावता येत, मग बॉम्ब मात्र पोटाखालचा एकच. नाक निमुळतं, रेडिएटर पंखांच्या मुळाशी आणि मागे जोडबंदूक असेल तर ‘डी’. पंखांखाली 37 मिलिमीटरच्या दोन तोफा लटकत असतील तर ‘जी’. ती पूर्व आघाडीवर रणगाडे फोडायला निघाली, वाळवंटाशी तिचा संबंध नाही. 1942 च्या उन्हाळ्यात जुन्या जातींची जागा ‘डी’ घेत होती, त्यामुळे विशिष्ट विमानाचा फोटो हातात आल्याशिवाय किट मागवू नका. नाकाच्या उजव्या बाजूला, हवा आत घेण्याच्या तोंडावर वाळूची गाळणी हवी. ती किटमध्ये आहे ना, तेही बघून घ्या.

किट घरी आलं की कात्री लावण्याआधी चार जागा तपासा. पहिली, पंखांचा बाक. मधला भाग खाली उतरतो आणि तिथून बाहेरचा पंख वर चढतो. हा बाक नक्षीसाठी नव्हता: त्यामुळे चाकांचे पाय आखूड आणि दणकट ठेवता आले, नाकावरचा पंखा जमिनीपासून उंच राहिला आणि वैमानिकाला खालचं बरं दिसू लागलं. दोन्ही बाजूंचा चढ सारखा नसेल तर मॉडेल लंगडं दिसतं. गोंद लावण्याआधी मास्किंग टेपने नुसतं जोडून समोरून पाहा. दुसरी, पंखांच्या मागच्या कडेची झडप. ती पंखाला चिकटलेली नसते, किंचित खाली स्वतंत्र लटकते, आणि मधल्या फटीतून उजेड दिसला पाहिजे. तिथे पुट्टी भरलीत की संपलं. तिसरी, पोटाखालचा दुबेळका, म्हणजे दोन फाट्यांचा दांडा. सूर मारताना बॉम्ब नुसता सोडला तर तो आपल्याच पंख्यावर आदळेल, म्हणून हा दुबेळका झोका घेऊन बॉम्बला पंख्याच्या घेराबाहेर नेऊन सोडतो. किटमधला बऱ्याचदा जाडजूड असतो, कानस लागते. चौथी, चाकांच्या पायांवरचे, सूर मारताना वाऱ्याने किंचाळणारे भोंगे. खऱ्या विमानात त्यांचे पंखे 70 सेंटिमीटरचे, म्हणजे 1/72 मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये) जेमतेम एक सेंटिमीटर. भेदरवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता आणि विमानाचा वेग ताशी 20-25 किलोमीटरने कमी व्हायचा, त्यामुळे ते पुढे पुष्कळ विमानांवरून काढून टाकले. फोटोत दिसले तरच लावा.

त्यानंतरचा निर्णय मोठा: विमान जमिनीवर उभं ठेवायचं की सूर मारताना? सूर मारताना ठेवायचं असेल तर उतरताना नेमकं काय घडत असे ते समजून घ्या, कारण ते प्लास्टिकमध्ये दाखवायचं आहे. साडेचार हजार मीटरच्या आसपास वैमानिक पायांमधल्या काचेच्या खिडकीतून खाली बघे. लक्ष्य खिडकीत आलं की इंजिन मंद, पंखाखालचे ब्रेक आडवे, आणि विमान कलंडून नाकावर. म्हणून ब्रेकच्या पट्ट्या हवेला काटकोनात लावा; उभ्या विमानात त्या हवेच्या दिशेने सपाट असतात. बाजूच्या काचेवर कोनाच्या लाल रेघा असत, त्या क्षितिजाशी जुळवून तो सूर किती खडा आहे ते पाही. 1/48 मापात त्या रेघा रंगवता येतात, 1/72 मध्ये हौस म्हणून. पंखांवर दोन लाल खुणा वर आलेल्या दाखवा: त्या दिसल्या म्हणजे वर खेचणारी आपोआप यंत्रणा सज्ज आहे. साधारण 450 मीटरवर दिवा लागे, वैमानिक बटण दाबे, बॉम्ब सुटे आणि यंत्रणा विमानाला वर ओढे. त्या झटक्यात वजनाच्या सहापट भार येऊन डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणूनच ही सोय. पण जमीनच दिसली नाही तर यंत्रणा काय करणार? 15 ऑगस्ट 1939 ला नॉयहामरच्या सराव मैदानावर ढग समजून धुक्यात शिरलेली 13 विमानं थेट जमिनीवर आदळली. 26 जण गेले.

मला स्वतःला उभं विमान आवडतं, कारण त्याखाली वाळू, पिंपं आणि बॉम्ब वाहणारी माणसं ठेवता येतात.

रंग आधी आणून ठेवा, अर्ध्यात धावाधाव नको. युरोपातल्या विमानाला वरून दोन गडद हिरवे, खालून फिकट निळा. वाळवंटात वरून वाळूसारखा पिवळा, खालून थोडा गडद निळा, आणि शेपटीकडे अंगावर पांढरा पट्टा. काही विमानांवर हिरव्यावरच वाळूचा हात फिरवलेला दिसतो, तिथे फोटो म्हणेल ते खरं. शेपटीवरचं नाझी चिन्ह बऱ्याच किटमध्ये नसतं किंवा दोन तुकड्यांत येतं, कारण जर्मनीत ते दाखवण्यावर कायद्याने बंधनं आहेत. लावायचं असेल तर वेगळी डिकल्स मागवा, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते दारावरचं शुभचिन्ह नव्हे हे सांगायची तयारी ठेवा.

खरं विमान पाहून खात्री करायची तर पूर्ण म्हणावेत असे दोनच उरलेत. लंडनच्या हेंडनमधलं आधी ‘डी’ म्हणून बनलं आणि मग ‘जी’ झालं, त्यामुळे त्याच्या पंखांची मापं आपल्या कामाची नाहीत: 15 मीटर, तर आधीच्या जातींचे 13.8. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात छताला टांगलेलं मात्र ‘आर’ जातीचं, उत्तर आफ्रिकेतच ब्रिटिशांच्या हाती लागलेलं. नातेवाईक तिकडे असतील तर पोटाखालचे फोटो मागवा. टांगलेलं असल्याने ते छान मिळतात.

वार्निश पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं आणि आठवड्यांची मेहनत दुधाळ होते. कोरडा दिवस मिळेपर्यंत डबा झाकून ठेवा, तोवर वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या हुडाचं मास्किंग करा. स्टुकाच्या हुडाला चौकटीच इतक्या आहेत की त्यातच एक रविवार सहज निघतो. मागच्या बंदूकधाऱ्याला शेपटीकडे तोंड करूनच बसवा आणि हूड त्यानंतर चिकटवा.