मैदानात डबकी साचतात? नूतनीकरणात या चुका टाळा

निविदा काढण्याआधी एक पावसाळा मैदान बघा. सर थांबली की अर्ध्या तासाने जाऊन साचलेल्या डबक्यांभोवती फक्कीची रेघ मारायची आणि फोटो काढून ठेवायचा. एवढं न करताच बहुतेक ठिकाणी आराखडा तयार होतो.

पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला की साडेतीन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पस्तीसएक टँकर. कडेच्या एका गटारावर हा भार टाकून चालत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक मातीची. आपल्याकडे अनेक मैदानांखाली काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि मग पाणी जवळजवळ मुरतच नाही. त्यात थोडी वाळू मिसळली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण वाळूच्या कणांमधली जागा चिकणमाती भरून काढते आणि खर्च वाया जातो. आधी फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा खणा, एकदा पाणी भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे शोषखड्डा घेऊ नका. तिथलं पाणी उताराने दुसरीकडेच न्यावं लागेल.

माती बाहेरून आणणार असाल, तर ती धरून ठेवणार कोण हेही ठरवा. दादरच्या शिवाजी पार्कात पाणी मुरवण्याची योजना झाली, तरी लाल मातीची धूळ आसपासच्या घरांत जात असल्याची रहिवाशांची तक्रार वर्षानुवर्षं आहे. माझ्या मते हराळीची लागवड आणि तिचं पाणी हा कामाचाच भाग धरायला हवा. उरलेल्या पैशांतून बघू, असं म्हणून चालणार नाही.

उतार शंभर फुटांना अर्धा ते एक फूट पुरतो. पण तो देऊन झाल्यावर कडेने उंच जॉगिंग ट्रॅक बांधला, तर त्याचाच बांध होतो आणि पाणी मैदानातच अडकतं. ट्रॅक जमिनीच्या पातळीत ठेवा, नाहीतर त्याखालून वाट द्या. पेव्हर ब्लॉकच्या फटी सिमेंटने बुजवू नका.

पाणी वाहून नेण्यासाठी खणलेल्या चरात छिद्राचा पाइप टाकताना छिद्रं खाली ठेवतात, खडीतून पाणी वर चढून आत येतं. छिद्रं वर ठेवली तर पाइप गाळाने भरतो. शोषखड्ड्याआधी गाळ बसायला चेंबर हवाच. तो नसेल तर खड्डा लवकरच बुजतो. चेंबरचं झाकण एका माणसाला उचलता आलं पाहिजे, म्हणजे मे महिन्यात साफसफाई होते.

आणि मैदानाचं पाणी ज्या नाल्यात सोडणार, त्याची पातळी तपासा. भर पावसात नाला तुमच्या पाइपाच्या तोंडापेक्षा वर चढत असेल, तर तेच घाण पाणी मुलं खेळतात त्या मैदानात उलटं येईल.