क्लॅमिडिया, गोनोरिया परत परत होतोय? मग पार्टनरचं औषध झालं का ते बघा

क्लॅमिडिया, गोनोरिया म्हणजे शरीरसंबंधातून एकमेकांना लागणारे जंतूंचे रोग. लघवीला जळजळ, पुढून पू येणं, बायकांना अंगावरून घाण वासाचं जाणं, यासाठी गोळ्या घेतल्या, बरं वाटलं आणि दोन महिन्यांत परत तेच. अशा वेळी बहुतेकदा पार्टनरचे उपचार झालेलेच नसतात, त्यामुळे एकजण बरा होतो आणि दुसऱ्याकडून तोच जंतू परत घेतो.

क्लॅमिडियात बऱ्याच बायकांना काही लक्षणच नसतं. नवरा गुपचूप औषध घेऊन मोकळा होतो, बायकोला पत्ताच नाही, तिच्या पोटात मात्र इन्फेक्शन वर चढत जातं, गर्भाशयाच्या नळ्या खराब होऊ शकतात आणि मग मूल राहत नाही म्हणून बोलणी तिलाच खावी लागतात. हे फार वाईट आहे हो, आणि टाळता येतं.

तर दोघांनी एकाच वेळी तपासून घ्या. मागच्या दोन-तीन महिन्यांत अजून कोणाशी संबंध आला असेल तर त्यांनाही कळवा. कसं सांगायचं सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "मला इन्फेक्शन निघालंय, डॉक्टरांनी तुलाही तपासायला बोलावलंय." जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात सुरक्षा क्लिनिक (अशा रोगांचा सरकारी दवाखाना) असतं, तिथे औषध फुकट मिळतं आणि समुपदेशकही असतात, ते बोलायला मदत करतात. आधी फोनवरच विचारायचं असेल तर १०९७ ही सरकारी एड्स हेल्पलाइन, फुकट आहे आणि नाव सांगावं लागत नाही.

एका डोसचं औषध असेल तर घेतल्यापासून ७ दिवस संबंध नाही, कोर्स असेल तर तो पूर्ण संपेपर्यंत नाही, आणि दिवस मोजायचे ते ज्याने औषध उशिरा घेतलं त्याच्यापासून. तोंडाने, मागून, सगळंच बंद. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.

मेडिकलवाल्याला विचारून किंवा मित्राची चिठ्ठी दाखवून गोळ्या तर अजिबात घेऊ नका, गोनोरियावर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी जुनी औषधं आता बऱ्याचदा चालत नाहीत. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, गोळ्या बदलाव्या लागतात.

पुढे कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तांबी किंवा गर्भनिरोधक गोळीने हे रोग थांबत नाहीत. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिस म्हणजे गरमीची रक्ततपासणी) त्याच फेरीत करून टाका. आणि सगळं ठीक वाटत असलं तरी ३ महिन्यांनी परत टेस्ट करा, दोघांचीही.